इंचॉन: जुगार होता, पण पत्ते बघून खेळलेला

तुम्ही विचारलंय की कोरियन युद्धात सप्टेंबर १९५०ला इंचॉनला समुद्रातून फौज उतरवली, ते म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचा अमेरिकन सेनापती मॅकआर्थर याचं निव्वळ नशीब होतं का, आणि युद्ध शेवटी ३८व्या अक्षांशाच्या, म्हणजे दोन कोरियांच्या जुन्या सीमेच्या, आसपासच थांबलं तर त्याचं एवढं कौतुक कशाला. दुसऱ्या प्रश्नात दम आहे. पहिला मला पटत नाही.

आधी नकाशा समोर ठेवा. २५ जूनला उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं आणि ऑगस्टपर्यंत दक्षिण कोरियन व अमेरिकन फौजा आग्नेय कोपऱ्यात, पुसान बंदराभोवती, नाकडोंग नदीच्या आड कोंडल्या गेल्या. बघणाऱ्याला वाटावं, खेळ संपला. पण उत्तरेच्या सैन्याचा बहुतेक सगळा जोर त्या एका कोपऱ्यात अडकला होता, तोही दमलेला. त्यांचा दारूगोळा शेकडो किलोमीटरवरून यायचा, अमेरिकन विमानं वाटेत त्याची वाट लावायची, आणि बराचसा माल सोलवरूनच खाली उतरायचा, कारण रेल्वे आणि रस्त्यांची गाठ तिथे आहे. इंचॉन हे सोलचं बंदर, जेमतेम तीसेक किलोमीटरवर. काही वरिष्ठ अधिकारी त्याऐवजी दक्षिणेकडचं कुन्सान बंदर सुचवत होते. तिथे उतरणं सोपं होतं, पण गाठ तशीच राहिली असती.

नौदल नाही का म्हणत होतं? भरती-ओहोटीमुळे. मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असली की महापालिका इशारा देते. इंचॉनला भरती आणि ओहोटीतला फरकच ९ मीटरच्या पुढे जातो. पाणी उतरलं की समोर काही किलोमीटर नुसता चिखल. रणगाडे आणि सामान किनाऱ्यावर आणणाऱ्या एलएसटी जहाजांना लागेल एवढं पाणी महिन्यातून मोजक्याच दिवशी, आणि त्या दिवशीही सुमारे तीनच तास. आत यायची वाट अरुंद, समोर वाळूचा किनारा नाही, बंदराची दगडी भिंत. उतरवण्याची जबाबदारी असलेला अॅडमिरल डॉइल मॅकआर्थरसमोर एवढंच म्हणाला की इंचॉन अशक्य नाही. यापेक्षा थंड शिफारस माझ्या तरी वाचनात नाही.

त्यामुळे १५ सप्टेंबरचा दिवस दोन भरत्यांत वाटला गेला. सकाळची भरती ६ वाजून ५९ मिनिटांनी, संध्याकाळची ७ वाजून १९ मिनिटांनी. सकाळी साडेसहाला मरीनची (अमेरिकेच्या सागरी सैनिकांची) एक बटालियन बंदरासमोरच्या वोल्मी बेटावर उतरली. तासा-दीड तासात बेट ताब्यात आलं, त्यांचा एकही माणूस न मरता. मग पाणी उतरलं. मदतीची बोट येणार नाही, परत जायची सोय नाही, भोवती चिखल, अशा अवस्थेत ती बटालियन संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मला विचाराल तर धाडस या अकरा तासांत होतं. साडेपाचच्या सुमाराला मुख्य तुकड्या आल्या तेव्हा भरती पुरी झाली नव्हती, भिंत बोटींच्या वर उभी होती, म्हणून शिड्या लावून चढावं लागलं. शिडीवरून भिंत ओलांडणाऱ्या लेफ्टनंट लोपेझचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यानंतर काही मिनिटांतच, गोळ्या लागून हातातून निसटलेला ग्रेनेड त्याने स्वतःच्या अंगाखाली ओढला. अंधार पडायच्या बेताला आठ एलएसटी मुद्दाम किनाऱ्याला लावल्या आणि ओहोटीत रुतू दिल्या. रात्रभराची रसद त्यांच्या पोटात. पहिल्या दिवशी मेलेल्यांची संख्या विसाच्या आसपास.

आता 'अचानक हल्ला' म्हणून जे सांगतात त्याबद्दल. टोकियोतले पत्रकार या मोहिमेला उघडं गुपित म्हणून हसत होते. माओच्या सल्लागारांनी ऑगस्टमध्येच इंचॉनचा अंदाज बांधला होता आणि तो उत्तर कोरियाचा नेता किम इल-सुंगपर्यंत पोचवलाही होता. किमने पुसानवरून सैन्य हलवलं नाही. इंचॉनला सुमारे दोन हजारांची शिबंदी, तीही बरीचशी नवखी. सुरुंग पेरायला सुरुवात उशिरा झाली. १३ तारखेला विनाशिका ओहोटीच्या वेळी आत गेल्या, तर सुरुंग पाण्यावर उघडे पडलेले दिसले आणि तोफांनी उडवता आले. ज्या ओहोटीची सगळ्यांना धास्ती होती ती असं एखादं काम फुकटात करून गेली. महिनाभर उशीर झाला असता तर काय, याचं उत्तर ऑक्टोबरमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या वोन्सानला मिळालं. तिथे सुरुंग काढेपर्यंत मरीन जहाजांतून वर-खाली फेऱ्या मारत बसले, आणि दक्षिण कोरियन सैन्य आधीच रस्त्याने तिथे पोचलं होतं!

पुढचं थोडक्यात. सोलजवळचा किम्पो विमानतळ १७-१८ सप्टेंबरला पडला, सोल महिनाअखेरीस घरोघर लढून घेतलं. पुसानहून निघालेली फौज २६-२७ला येऊन मिळाली, मधलं उत्तर कोरियन सैन्य विस्कटून गेलं. हरलेलं युद्ध पंधरवड्यात उलटलं. याला मी कौतुकास्पदच म्हणेन.

तुमचा दुसरा प्रश्न खरा इथून पुढे लागू होतो. एवढं मोठं यश हाती आल्यावर थांबा म्हणायला वॉशिंग्टनमध्ये कुणी धजावेना. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचा पंतप्रधान चौ एन-लायने पेकिंगमधले (आजचं बीजिंग) आपले राजदूत पणिक्कर यांना बोलावून सांगितलं की अमेरिकन फौज ३८वा अक्षांश ओलांडणार असेल तर चीन गप्प बसणार नाही. निरोप दिल्लीमार्गे पोचला. पणिक्कर चीनधार्जिणे आहेत असं अमेरिकेला वाटायचं, म्हणून तो बाजूला टाकला गेला. १९ ऑक्टोबरपासून चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडू लागल्या आणि ४ जानेवारी १९५१ला सोल पुन्हा गेलं.

त्या माघारीत आपली माणसंही सापडली. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६०वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स नोव्हेंबरात पुसानला उतरून वर गेली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयाँग सोडायची वेळ आली आणि वैद्यकीय सामान न्यायला गाड्या नव्हत्या. ते टाकून निघायला पथक तयार नव्हतं. बेवारस पडलेलं एक रेल्वे इंजिन जवानांनीच पेटवलं, डबे जोडले आणि सामानासकट गाडी दक्षिणेला काढली.