‘कार्टूश’ आणि ‘काडतूस’ यांचे मूळ एकच आहे का?

जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंबद्दल वाचताना ‘कार्टूश’ हा शब्द आढळला, त्याचा आपल्या काडतुसाशी काही संबंध आहे का, असे आपण विचारले आहे. संबंध अगदी जवळचा आहे.

‘कार्टूश’ हा शब्द फ्रेंच असला, तरी फ्रेंचांनी तो ‘कार्तोच्चो’ या इटालियन शब्दावरून घेतला आणि त्याचा अर्थ कागदाची सुरळी किंवा पुडी असा होता. जुन्या बंदुकांसाठी मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळून ठेवत असत. शिपाई त्या पुडीचे टोक दातांनी तोडून दारू नळीत ओतत असे. १८५७ च्या उठावात चरबीच्या काडतुसांवरून वणवा पेटला तो याच दात लावण्यामुळे. दुसरीकडे शिल्पकारांनी कडा वळलेल्या कागदासारखी नक्षीदार चौकट दगडात कोरून तिच्यात राजचिन्हे व लेख बसवले, आणि त्या चौकटीलाही तेच नाव मिळाले. फ्रेंचमध्ये आजही बंदुकीचे कार्टूश स्त्रीलिंगी, तर नक्षीचे पुल्लिंगी आहे. (मराठीने काडतूस नपुंसकलिंगी करून तिसराच मार्ग धरला.)

‘कार्टूश’चा इजिप्तच्या इतिहासातही एक अर्थ आहे, तो त्या मानाने बराच अलीकडचा आहे. फॅरोचे, म्हणजे तिथल्या प्राचीन राजाचे, नाव ज्या लांबट वर्तुळात लिहीत, ते मुळात गाठ मारलेल्या दोरीचे वेटोळे आहे. परंतु १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर गेलेल्या सैनिकांना त्यात आपल्या काडतुसाचा आकार दिसला आणि त्यावरून त्याला ‘कार्टूश’ हे नाव पडले, असे सांगतात. शांपोलियाँ या फ्रेंच विद्वानाने १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा केला, तेव्हा याच चौकटींतील राजनामे त्याच्या कामी आली.

आता मराठीकडे वळू. पोर्तुगीजमध्ये याच शब्दाचे रूप ‘कार्तुशु’ असे उच्चारले जाते. केवळ ध्वनी पाहिला तर ‘काडतूस’ फ्रेंचवरूनही आले असते आणि पोर्तुगीजवरूनही. पण १५१० पासून गोव्यात ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगीजांशी कोकणपट्टीचा जो निकटचा संबंध आला, तो पाहता माझा कौल पोर्तुगीजकडे आहे.

याच कुळातला आणखी एक शब्द गोव्याच्या इतिहासात भेटतो. अरबी समुद्रातून जाणाऱ्या गलबतांना पोर्तुगीज जो परवाना घ्यायला लावत, त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. तो शब्द अरबी ‘किर्तास’ (कागद) यावरून आला आहे. ‘कार्तोच्चो’च्या मुळाशी असलेला इटालियन ‘कार्ता’ (कागद) हा शब्द लॅटिनमार्गे ज्या ग्रीक शब्दापर्यंत पोहोचतो, त्याच शब्दापासून ‘किर्तास’ही निघाला आहे, त्या ग्रीक शब्दाचा अर्थ पपायरसचे पान.

छापण्याच्या यंत्रातले कार्ट्रिज हे कार्टूशचेच इंग्रजांच्या तोंडी बिघडलेले रूप आहे. चित्रकलेच्या परीक्षेसाठी मुले जो जाड, किंचित खरबरीत कार्ट्रिज पेपर आणतात, तो तर मुळात दारूच्या पुड्या बांधण्यासाठीच बनवला जात असे.