क्रूझवर चौघांसाठी किती वाय-फाय पॅकेज घ्यावीत? रोमिंग पॅकवर भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून चौघं निघताय, सिंगापूरहून सुटणारी ४ रात्रींची क्रूझ, मधे पिनांग (मलेशिया) आणि फुकेत (थायलंड). कांद्याचा व्यापार असल्याने सकाळी लासलगावचे भाव बघणं आणि खळ्यावरच्या माणसाशी बोलणं टळत नाही, शिवाय रोज दोन-चार पेमेंट असतात.

माझं मत सरळ आहे. तुमच्या एका फोनसाठी वरच्या दर्जाचं पॅकेज घ्या, तेही घरी बसून, निघण्याआधी. बाकी तिघांना बंदरावर चालणारं ईसिम (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम) पुरेल. भारतातल्या मोबाइल कंपनीच्या रोमिंग पॅकवर भर समुद्रात अजिबात विसंबू नका. आणि तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार आहे तो ओटीपी. त्याची तजवीज नाशिकमध्येच करावी लागेल.

आधी रोमिंगचं बघू, कारण पैसे तिथेच जातात. जहाजावर स्वतःचा छोटा मोबाइल टॉवर असतो, तो उपग्रहाला जोडलेला असतो. किनारा मागे पडला की तो चालू होतो आणि फोन मुकाट्याने त्याला चिकटतो. स्क्रीनवर नेटवर्कचं नाव ‘सेल्युलर ॲट सी’ असं काही तरी किंवा ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसतो. हे नेटवर्क सिंगापूरचं नाही, मलेशियाचंही नाही. तुमचा पॅक त्या त्या देशातल्या जमिनीवरच्या नेटवर्कसाठी असतो, म्हणून इथला प्रत्येक मिनिट आणि प्रत्येक एमबी वेगळ्या आणि फार चढ्या दराने लागतो, आलेला फोन उचलला तरीही. पॅकच्या यादीत क्रूझ किंवा मेरिटाइम (सागरी) नेटवर्क नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर ते धरू नका. उपाय सोपा आहे: जहाज धक्का सोडायच्या आत चारही फोन एअरप्लेन मोडवर, आणि मग फक्त वाय-फाय परत चालू. बंदरावर ईसिमसाठी डेटा रोमिंग चालू केलेलं असतं, ते परत येताना बंद करायचं राहून जातं. बहुतेक मोठी बिलं तिथूनच येतात.

ईसिमचंही तेच. ‘आशिया’ किंवा ‘आग्नेय आशिया’ लिहिलेलं ईसिम पिनांगच्या रस्त्यावर झकास चालेल, समुद्रात ते निरुपयोगी. ते घालताना भारतीय सिम मात्र फोनमधून काढू नका. बँकेची आणि यूपीआयची ॲप सिमला बांधलेली असतात. सिम हललं की पुन्हा नोंदणी मागतात, आणि ती नोंदणी एसएमएसशिवाय होत नाही.

आता जहाजाचं वाय-फाय. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर एका उपकरणाचा दिवसाचा दर साधारण १५ ते ३० डॉलर धरून चला. तोच दर आधी, कंपनीच्या साइटवर तुमच्या बुकिंगमध्ये जाऊन घेतला तर बहुतेक वेळा कमी पडतो. चढल्यावर एकेका दिवसाचा पास घेणं सगळ्यात महाग. घरून पैसे भरताना कार्डावर ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन्ही चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. डॉलरच्या रकमेवर बँक ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे वरचा आकार, लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, तेही हिशेबात धरा. जहाजावर चढताना तिथल्या खर्चाच्या खात्याला जोडायला क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलं तर खर्चासाठी अडवून ठेवलेली रक्कम खात्यातून खरोखर अडकते आणि सुटायला उतरल्यावरही काही दिवस लागतात.

टूरवाल्याने ‘वाय-फाय फुकट आहे’ म्हटलं असेल तर नीट विचारून घ्या. बहुधा त्याचा अर्थ एवढाच की कंपनीचं ॲप जहाजाच्या आतल्या जाळ्यावर पैसे न भरता चालतं: जेवणाच्या वेळा, कार्यक्रम, स्वतःचं बिल, काही जहाजांवर आपापसात चॅट. बाकी तिघांना जहाजावर एकमेकांना शोधायला हे पुरतं. ते ॲप घरच्या ब्रॉडबँडवर उतरवून, लॉगिन करूनच निघा.

दर्जा निवडताना पॅकेजच्या नावाकडे बघू नका, अटींमध्ये ‘व्हॉइस कॉल’ आणि ‘व्हीपीएन’ (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) शोधा. खालच्या दर्जात व्हॉट्सॲपचे मेसेज आणि फोटो जातात, कॉल पुष्कळदा अडवलेला असतो. तुम्हाला खळ्याशी बोलायचं आहे, म्हणजे वरचा दर्जा हवा. कॉल कसा होईल हे उपग्रहावर ठरतं. जुन्या पद्धतीचा भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा) उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. बोललेलं जाऊन उत्तर परत यायला सेकंदाच्या निम्म्याहून जास्त वेळ लागतो आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, तिथे हे जाणवत नाही. रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये सगळ्या जहाजांवर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं, मग इतरही आले. तुमच्या जहाजावर ते आहे का, एवढं बुकिंग करतानाच विचारा. नसेल तर कॉलचा नाद सोडून व्हॉइस मेसेजवर काम भागवा.

एक पॅकेज चौघांत चालेल का? एका वेळी एका उपकरणावर, आळीपाळीने, हो. पण पहिल्या फोनवर लॉगआउट करावं लागतं. नुसतं वाय-फाय बंद केलं तर यंत्रणेच्या लेखी तो फोन काही वेळ जोडलेलाच असतो आणि दुसऱ्याला ‘मर्यादा संपली’ असा संदेश येतो. लॉगआउटचं पान कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून बुकमार्क करा. काही अँड्रॉइड फोन वाय-फाय घेऊन त्याचाच हॉटस्पॉट देतात. कंपन्यांच्या अटींत हे बसत नाही, आणि खिशात मावणारे राउटर काही कंपन्या चढतानाच काढून ठेवतात. खरंच दोघांना दिवसभर हवं असेल तर दोन उपकरणांचं पॅकेज घ्या, प्रत्येकी स्वस्त पडतं.

लॉगिनचं पान उघडत नाही ही पहिल्या दिवशीची ठरलेली तक्रार. कारणं बहुतेक चारच. व्हीपीएन चालू असतो, तो बंद करा. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला एखादा पत्ता दिलेला असतो, तो ‘ऑटोमॅटिक’ करा. आयफोनवर ‘प्रायव्हेट रिले’ बंद करा. चौथं कारण जरा खोल आहे: आजचे फोन वाय-फायला स्वतःचा खरा हार्डवेअर पत्ता न देता बनावट देतात आणि काही वेळा तो बदलतात. जहाजाची यंत्रणा तुम्हाला त्या पत्त्यावरूनच ओळखते. तो बदलला की तुम्ही नवं गिऱ्हाईक. म्हणून त्या एका नेटवर्कच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडवर ‘डिव्हाइस मॅक’ निवडा, आयफोनवर ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ बंद किंवा ‘फिक्स्ड’ ठेवा. हे पहिल्यांदा जोडण्याआधी करायचं, नंतर केलंत तर तोही बदलच धरला जातो.

वेग कमी वाटला तर आधी आपलाच फोन बघा. गुगल फोटोजचा बॅकअप, प्ले स्टोअरचे अपडेट, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमधले आपोआप उतरणारे व्हिडिओ, ही मंडळी मागच्या दाराने सगळं खाऊन टाकतात. तिन्ही बंद करा आणि त्या वाय-फायला अँड्रॉइडवर ‘मीटर्ड’, आयफोनवर ‘लो डेटा मोड’ लावा. केबिनच्या भिंती पोलादी असतात, दाराजवळ किंवा कॉरिडॉरमध्ये बसून फरक पडतो का बघा. आणि कसाऱ्याच्या घाटात जशी रेंज मधेच गुल होते तसं इथेही होतं: जहाज वळलं की त्याचंच धुराडं अँटेना आणि उपग्रहाच्या मधे येतं. पाच-दहा मिनिटांत परत येतं, त्यासाठी फोन रीस्टार्ट करत बसू नका.

वेळेचं गणित तुमच्या बाबतीत थोडं वाकडं आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. जहाजावर नेट सगळ्यात मोकळं पहाटे असतं, पण तिथले सहा म्हणजे नाशिकला साडेतीन. लासलगावचे नऊ वाजतात तेव्हा जहाजावर साडेअकरा, आणि बंदर नसलेल्या दिवशी तेव्हा सगळे फोन काढूनच बसलेले असतात. त्यामुळे खळ्यावरच्या माणसाला सांगून ठेवा: भाव मजकुरात लिहून पाठव, पावतीचे फोटो एकेकच, व्हिडिओ नको. मजकूर कसल्याही नेटवर पोचतो. बंदराच्या दिवशी बहुतेक लोक उतरलेले असतात, तेव्हा तुम्ही जहाजावर थांबलात तर कॉलही चांगला होईल.

आता ओटीपी. तो सहसा सिमवर एसएमएसने येतो, वाय-फायवर नाही. एअरप्लेन मोडमध्ये तो येईल असं धरू नका. बंदरात भारतीय सिम चालू केलं की अडकलेले एसएमएस धडाधड येतील, पण ओटीपीची मुदत केव्हाच गेलेली असते. म्हणून ज्यांना पैसे पाठवायचे त्यांची खाती लाभार्थी म्हणून आधीच जोडून ठेवा, ईमेलसाठी ऑथेंटिकेटर ॲप (एसएमएसशिवाय फोनमध्येच कोड तयार करणारं) लावा, आणि मोठी पेमेंट घरच्या कुणाच्या किंवा भागीदाराच्या हाती सोपवून जा. उपग्रहाचं नेट जमिनीवर कुठल्या तरी तिसऱ्याच देशात उतरतं, त्यामुळे बँकेला तुम्ही भलतीकडे दिसता आणि ती जास्तीची पडताळणी मागते. काही सरकारी पोर्टल परदेशी इंटरनेट पत्त्यावरून उघडतच नाहीत, तेव्हा जीएसटीचं काम निघण्याआधी उरका. बंदरात मात्र भारतीय सिमवर साधा रोमिंग पॅक चालू केलात तर तिथे बसून ओटीपीची कामं होतात. पिनांगचे चार-पाच तास त्यासाठी राखून ठेवा.

शेवटच्या बंदरात आणखी एक काम आटपा. सिंगापूरला परत उतरताना ‘एसजी अरायव्हल कार्ड’ (सिंगापूर सरकारचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) पुन्हा भरावं लागतं, आणि ते पोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. म्हणजे ४ रात्रींच्या क्रूझमध्ये ते घरून भरून निघता येत नाही. चौघांचं एकाच फोनवरून होतं, फी शून्य. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

फुकेतला घड्याळ सांभाळा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर जाऊन थाई नेटवर्क पकडलं की फोन आपोआप एक तास मागे जातो, आणि जहाज मात्र पुष्कळदा सिंगापूरच्याच वेळेवर चालू असतं. तिथे मोठी जहाजं सहसा दूर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने ने-आण होते. शेवटची बोट जहाजाच्या घड्याळाने सुटते. सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक टाइम’ बंद करून जहाजाची वेळ हाताने लावा, चौघांच्याही फोनवर.

नेट सलग बंद पडलं तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर दाखवा. एखाद्या दिवसाचे पैसे वळते करून मिळू शकतात. शेवटच्या रात्री तिथे लांब रांग असते. ॲपमधलं बिल त्याआधी एकदा बघा आणि वाय-फाय दोनदा लागलेलं नाही ना, ते तपासा.