व्हीलचेअर पाहून ट्रॅव्हल्सने गाडीत घेतलं नाही. दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करते. आई-वडील लातूरला असतात. मणक्याच्या दुखापतीमुळे मी व्हीलचेअर वापरते, यूडीआयडी कार्डावर ८० टक्के दिव्यांगत्व नोंदलेलं आहे. दिवाळी संपवून परतताना मोबाइल ॲपवरून एका खासगी ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाडीचा खालचा बर्थ बुक केला, ११०० रुपये भरले. दुपारी त्यांच्या ऑफिसला फोन करून घडीची व्हीलचेअर सोबत आहे आणि चढताना मदत लागेल, असं सांगितलं. "या, पोरं चढवतील," असं उत्तर मिळालं. रात्री गाडी आल्यावर क्लीनरने व्हीलचेअरचं लगेज म्हणून ३०० रुपये मागितले. भाऊ तेही द्यायला तयार झाला. मग ड्रायव्हर म्हणाला, वाटेत काही झालं तर जबाबदारी कोणाची? क्लीनर सगळ्या प्रवाशांदेखत म्हणाला, "लुळ्यापांगळ्यांनी अँब्युलन्स करावी." गाडी मला तिथेच सोडून निघून गेली. ॲपवर मात्र 'नो शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, अशी नोंद आहे आणि त्यामुळे पैसेही परत मिळाले नाहीत. त्याच रात्री ८५०० रुपये देऊन कार करावी लागली. या गोष्टीला अडीच आठवडे झाले. भाऊ म्हणतो, सोडून दे. वडील म्हणतात, पोलिसांत जाऊ. खासगी गाड्यांना दिव्यांगांचा कायदा लागू होतो का? एसटीने जावं म्हटलं तर त्या पायऱ्या मला चढता येत नाहीत. मी काय करावं?

उत्तर : ताई, कायद्याचं नंतर बघू, आधी आज संध्याकाळपर्यंत करायचं काम सांगते. बुकिंग ऑफिसच्या दारात, थांब्याशेजारच्या दुकानांत किंवा पेट्रोल पंपावर कॅमेरे असतील, तर त्यांचं चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. अडीच आठवडे तर उलटलेच आहेत. म्हणून ट्रॅव्हल्सला आणि ॲप कंपनीला आजच ईमेल करा, त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. तिकीट क्रमांक, तारीख, वेळ आणि थांबा लिहा. त्या रात्रीचं कॅमेऱ्याचं चित्रण, गाडीच्या जीपीएसची नोंद, ड्रायव्हर-क्लीनरची नावं, प्रवाशांची यादी आणि दुपारच्या फोनचं रेकॉर्डिंग असल्यास ते, असं सगळं जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. मागणी पोचल्यानंतरही त्यांनी चित्रण पुसू दिलं, तर ते तुमच्याच बाजूने जाईल. शेजारच्या दुकानदाराला भावाने प्रत्यक्ष भेटावं. पत्रापेक्षा तिथे ओळखीने काम होतं.

तुमचा फोन विकू नका, रीसेटही करू नका. दुपारच्या कॉलची नोंद, बुकिंगचे मेसेज, 'नो शो'चा स्क्रीनशॉट आणि त्या वेळी तुम्ही थांब्यावर होतात हे दाखवणारी लोकेशनची नोंद याच फोनमध्ये आहे. प्रकरण न्यायालयात गेलं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. भावाने काय पाहिलं, काय ऐकलं, ते त्याने आजच लिहून खाली तारीख घालावी. कारचे ८५०० रुपये ऑनलाइन दिले असतील तर ती नोंद काढा. रोख दिले असतील तर चालकाकडून साधी पावती घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हो, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी ट्रॅव्हल्सलाही लागू होतो. हा कायदा फक्त सरकारी नोकऱ्यांपुरता आणि सवलतीच्या पासापुरता आहे, असा समज मी वकिलांमध्येही पाहते. कायद्यातल्या 'आस्थापना' या व्याख्येत खासगी कंपनी, भागीदारी संस्था असं सगळं येतं. लोकांना दिल्या जाणाऱ्या सेवांच्या व्याख्येत वाहतूक हा शब्द स्पष्ट घातलेला आहे. कलम ३ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करतं आणि वाजवी सोय नाकारणं हादेखील भेदभावच, असं व्याख्येतच लिहिलेलं आहे. यासाठी ४० टक्क्यांची अटही नाही. ती आरक्षणासारख्या लाभांना लागते. तुमचं कार्ड ८० टक्क्यांचं आहे म्हणून हा वादच निघणार नाही, पण तुमच्यासारख्या इतरांना हे माहीत असावं.

ट्रॅव्हल्सवाले काय म्हणतील, तेही सांगते. सुरक्षिततेचा प्रश्न होता, आमच्याकडे प्रशिक्षित माणूस नाही, बाई एकट्या होत्या, वगैरे. कायदा त्यांना बचावाची एक वाट ठेवतो. वेगळी वागणूक एखाद्या रास्त उद्दिष्टासाठी होती आणि त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात होती, हे दाखवता आलं तर ती भेदभाव ठरत नाही. वाजवी सोय म्हणजेही समोरच्यावर अवास्तव भार पडणार नाही इतकीच. पण तुमच्या बाबतीत लागत काय होतं? दोन माणसांची काही मिनिटांची मदत आणि डिकीत घडीच्या खुर्चीपुरती जागा. मदत देऊ, असं ऑफिसने दुपारी कबूलही केलं होतं. शिवाय ३०० रुपये मिळाले तर खुर्ची चालत होती. सुरक्षिततेची काळजी पैशांची बोलणी झाल्यावर सुचली. हा क्रम तक्रारीत जसा घडला तसाच लिहा, त्यावर टिप्पणी करू नका. वाचणाऱ्याला ते दिसेल.

तुमच्या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा त्यांनीच तयार करून ठेवला आहे: ती 'नो शो'ची नोंद. उद्या ते म्हणाले की सुरक्षिततेसाठी नाकारलं, तर तुम्ही थांब्यावर आला होतात हे कबूल होतं आणि नोंद खोटी ठरते. ते म्हणाले की तुम्ही आलाच नाहीत, तर तुमच्या फोनचं लोकेशन, भावाची साक्ष आणि लगोलग केलेली कार त्यांना उघडं पाडते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. म्हणून पहिल्या नोटिशीत एकच साधा प्रश्न विचारा: मला गाडीत का घेतलं नाही? उत्तर लेखी येऊ द्या. उत्तर आलं नाही, तर तेही उपयोगी पडतं.

विमान कंपन्यांच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानातून, बसल्यानंतर उतरवण्यात आलं. त्या एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. मे २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तेव्हा आजचा दिव्यांग हक्क कायदा आलेलाही नव्हता, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. विमान कंपन्यांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे बारीक नियम आहेत. २०२२ च्या सुधारणेनंतर तर प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असली, तरी कंपनीला डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी लागते. रस्त्यावरच्या स्लीपर गाड्यांसाठी इतके नेमके नियम नाहीत, ही आपली खरी अडचण. पण जीजा घोष प्रकरणातलं सन्मानाचं तत्त्व विमानापुरतं नाही, तुमच्या तक्रारीत त्याचा हवाला जरूर द्या.

मग दाद कुठे मागायची? माझा सल्ला : जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तिकीट घेऊन सेवा नाकारली आणि नोंदही खोटी केली, यापेक्षा सेवेतली त्रुटी आणखी काय असते? तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथे दाखल करता येते, म्हणजे पुण्यात करा, लातूरला खेटे नकोत. मुदत दोन वर्षांची आहे. तुम्ही मोजलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. भरपाई कितीही मागितली तरी फी मोबदल्यावर ठरते. सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी असा अर्ज करता येतो. तो पहिल्याच दिवशी द्या, कारण आयोगाच्या इमारतीत व्हीलचेअर जाईल की नाही याचा भरवसा मी देणार नाही. वकील सक्तीचा नाही, पण हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्री म्हणून आणि दिव्यांग म्हणूनही तुम्हाला तो मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा.

ॲप कंपनीलाही प्रतिपक्ष करा. "आम्ही फक्त मध्यस्थ" हे त्यांचं ठरलेलं उत्तर असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात निकाल लावायचा असतो. तुमच्या तक्रारीनंतर त्यांनी काही शहानिशा न करता 'नो शो'वर पैसे अडकवून ठेवले, तर ती त्यांची स्वतःची त्रुटी झाली.

मागणी काय करायची, तेही नीट ठरवा. बरेच जण रिफंड मागतात आणि थांबतात. कंपनीही ११०० रुपये परत करून मोकळी व्हायला बघेल. तडजोडीच्या फोनवर हो म्हणू नका. तिकिटाचे ११०० आणि कारचे ८५०० ही प्रत्यक्ष हानी. त्यावर मानसिक त्रासाची भरपाई दीड-दोन लाख मागा. जीजा घोष यांचा १० लाखांचा आकडा पाहून तेवढाच लिहावासा वाटेल, पण जिल्हा आयोगात फुगवलेल्या आकड्याने तक्रारीचं वजन कमी होतं, असं माझं मत. पैशांपेक्षा मोलाच्या मागण्या पुढच्या आहेत. व्हीलचेअरसाठी लगेजचे पैसे घेणं बंद करावं, दिव्यांग प्रवाशांना चढउतार करताना मदत देण्याची लेखी पद्धत ठरवावी, ती प्रत्येक बुकिंग ऑफिसात लावावी. या मागितल्याच नाहीत, तर आयोग आपणहून देईल असं धरू नका.

पोलिसांबद्दल वडिलांचं म्हणणं कायद्याने चूक नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार चारचौघांदेखत दिव्यांग व्यक्तीचा अपमान करण्याच्या उद्देशाने हेतुपुरस्सर अवमान केला, तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं कैद व दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आहे. गुन्हा लातूरला घडला असला, तरी फिर्याद पुण्यातल्या ठाण्यातही घ्यावी लागते. घेतली नाही, तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी कळवा. उशीर का झाला ते फिर्यादीत एका ओळीत लिहा.

तरी थोडं थांबा. हे कलम लागेल ते बोलणाऱ्या क्लीनरला. तो बहुधा विशी-बाविशीतला, रोजंदारीवरचा पोरगा असणार. गाडीत कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हा नियम त्याने केलेला नाही. मालक दुसरा क्लीनर ठेवेल आणि गाडी तशीच धावत राहील. शिवाय हेतू सिद्ध करावा लागतो, साक्षीला भाऊ सोडून कोणी नाही आणि खटला वर्षानुवर्षं चालू शकतो. अपमान तुमचा झाला आहे, तेव्हा निर्णय तुमचाच. फिर्याद द्यायची म्हणाल तर मी अडवणार नाही. पण एकच लढाई लढायची ताकद असेल, तर ती मालकाविरुद्ध आयोगात लढा. क्लीनरचे शब्द तक्रारीत जसेच्या तसे येऊ द्या, भरपाई ठरवताना ते मोजले जातील.

परिवहन कार्यालयालाही एक अर्ज टाका. बहुतेक ट्रॅव्हल्सच्या गाड्या कंत्राटी परवान्यावर चालतात. असा परवाना असताना बेकायदा प्रवासी नाकारला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली दंड आहे, तोही जास्तीत जास्त ५०० रुपये! मालकाला त्याचं काही वाटणार नाही. पण परवान्याच्या अटी मोडल्या तर तो निलंबित करण्याचा अधिकार परिवहन प्राधिकरणाला आहे, आणि त्याची मात्र धास्ती असते.

दिव्यांग कल्याण आयुक्तांचा मार्ग मी मुद्दाम मागे ठेवला. आयुक्तालय पुण्यातच आहे. तक्रारीला खर्च नाही, साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. पण शेवटी ते देतात ती शिफारस. सरकारी यंत्रणेने तिच्यावर तीन महिन्यांत कार्यवाही करायची किंवा न करण्याची कारणं कळवायची असतात. म्हणजे खासगी मालकाकडून भरपाई वसूल करायला हा दरवाजा कमी पडतो, पण एसटीसाठी तोच योग्य.

एसटीच्या पायऱ्यांचा तुमचा प्रश्न नेमका तिथला. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे बसस्थानकं, तिकीट खिडक्या, स्वच्छतागृहं आणि वाहनं दिव्यांगांना वापरता येतील अशी करणं ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या गाड्यांच्या बाबतीत मात्र तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारं असेल तिथेच, अशी पळवाट त्याच कलमात आहे, म्हणून जुन्या लाल गाडीवरून भांडण्यात वेळ घालवू नका. नव्या गाड्यांवर बोट ठेवा. केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून बसमध्ये दिव्यांगांसाठी राखीव आसनं, आधाराचे दांडे, कुबड्या-वॉकर ठेवण्याची सोय आणि व्हीलचेअर आत घेऊन अडकवण्याची व्यवस्था आणली. ती १ मार्च २०२० पासून लागू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे मापदंड नुसते मार्गदर्शक ठेवणारा नियम रद्दबातल ठरवला आणि किमान मापदंड सक्तीचे करायला केंद्राला सांगितलं.

तेव्हा लातूरच्या विभाग नियंत्रक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. १ मार्च २०२० नंतर नोंदणी झालेल्या किती गाड्या विभागाकडे आहेत, त्यातल्या किती गाड्यांत व्हीलचेअर चढवण्याची सोय आहे आणि लातूर–पुणे मार्गावर त्यातली कुठली, किती वाजता सुटते, हे तीनच प्रश्न विचारा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर 'निरंक' आलं, तर तेच पत्र जोडून आयुक्तांकडे तक्रार करा. भाऊ म्हणतात तसं सोडून द्यायचंच असेल, तर ते आयोगाचा निकाल आल्यावर ठरवता येईल. आज ईमेल मात्र जाऊ द्या.