वाचकांचे प्रश्न : मोटरहोममध्ये पोरांना बसवायचं कुठे?

प्रश्न (रीडिंग, इंग्लंड) : नमस्कार. जुलैत नाशिकहून सासू-सासरे येतायत आणि आम्ही सहा जणांनी मोटरहोम भाड्याने घेऊन स्कॉटलंडला एनसी ५०० (उत्तर किनाऱ्याने फिरणारा लांबलचक रस्ता) करायचं ठरवलंय. मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीचचा. नवऱ्याने सहा बर्थची एक गाडी पसंत केलीये, तिला मागे मस्त यू आकाराचा सोफा आहे, पोरं तिथे चित्रं काढतील, लोळतील असं त्याचं म्हणणं. भाड्याने देणारा म्हणतो सगळ्या फॅमिलीज नेतात. मला मात्र त्या सोफ्यावर चाइल्ड सीट बसणार कशी तेच कळत नाहीये. सासरे म्हणतात एवढी मोठी गाडी, तिला काय होतंय.

उत्तर : ताई, ती सीट तिथे बसतच नाही, त्यामुळे कळत नाहीये ते बरोबरच आहे. यू सोफ्याच्या दोन्ही बाजू आडव्या असतात, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड गाडीच्या खिडकीकडे, आणि ब्रिटनमध्ये आडव्या सीटवर चाइल्ड सीट लावायला कायद्यानेच बंदी आहे. उरली मधली मागची बाजू, तिचं तोंड पुढे असतं खरं, पण तिथे बहुतेक गाड्यांत बेल्टच नसतो. आडव्या सीटवर नुसता बेल्ट लावला तरी उपयोग नाही, कारण गाडी समोर आपटली की अंग पुढे जातं, आणि आडवं बसलेल्याचं पुढे म्हणजे त्याच्या कुशीकडे, मग बेल्ट छाती आणि कमरेचं हाड धरायच्या ऐवजी पोटात नाहीतर मानेत रुततो.

बर्थ म्हणजे फक्त झोपायच्या जागा. सहा बर्थच्या गाडीत बेल्टवाल्या सीट चारच असं सर्रास दिसतं आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात बर्थच लिहितात, त्यामुळे भाड्याने देणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा : बेल्ट किती, त्यातले तीन पॉइंटचे (कमरेवरून आणि छातीवरून, दोन्हीकडून जाणारे) किती, आणि त्या सीटची तोंडं कुठे. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी गाडी बघा, जुलै म्हणजे सीझन आहे हे मान्य पण तरीही.

तुम्हाला सहा बेल्ट लागणार. दोन पुढच्या केबिनमध्ये आणि चार डिनेटला (टेबलाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सीट असतात ते) अशी रचना असलेल्या गाड्या मिळतात. त्यात पुढे तोंड असलेल्या, तीन पॉइंटच्या बेल्टच्या दोन जागा पोरांच्या, यावर चर्चा नको. समोरच्या उलट तोंडाच्या सीटना बेल्ट असेल तर तिथे तुम्ही आणि सासरे, सासूबाई पुढे नवऱ्याशेजारी. पोरांचं तोंड तुमच्याकडे, पुस्तक दाखवता येतं, नाक पुसता येतं. लहान मुलांच्या सीट उलट तोंडाच्या डिनेटवर लावायला बहुतेक सीट कंपन्या नाही म्हणतात, तेव्हा मॅन्युअल वाचल्याशिवाय तो प्रयोग नको. पुढची केबिन सीट फिरणारी असेल तर निघण्याआधी ती समोर वळवून लॉक झालीये ना ते हलवून बघा. मुलाची सीट अजून मागे तोंड करून लावायची असेल आणि ती केबिनमध्ये लावायचा विचार आला तर समोरची एअरबॅग बंद केल्याशिवाय ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही.

आता कायदा. वय १२ वर्षं किंवा उंची १३५ सेमी, जे आधी होईल तोपर्यंत चाइल्ड सीट लागते, म्हणजे तुमच्या मुलीलाही बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसतो), आणि तो पाठ असलेला घ्या. नुसते बसके बूस्टर आता नव्याने मंजूर होतात ते १२५ सेमीपेक्षा उंच आणि २२ किलोपेक्षा जड मुलांसाठीच. १४ वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तर जबाबदारी ड्रायव्हरची, आई-आजीची नाही, आणि दंड ५०० पौंडांपर्यंत. नवऱ्याला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

पण खरी कटकट कागदावर नसते, ती सीट लावताना कळते. मोटरहोमची गादी जाड आणि मऊ, तिच्यावर चाइल्ड सीट डुगडुगते, काही गाड्यांत ती गादी काढून खालच्या घट्ट तळावर सीट लावायची सोय असते. बेल्टचं बक्कल कधी इतकं वर येतं की सीटच्या कडेवर टेकतं आणि ताण नीट बसत नाही. आयसोफिक्स (चाइल्ड सीट बेल्टऐवजी थेट गाडीच्या कड्यांना अडकवायची सोय) फार थोड्या मोटरहोममध्ये मिळतं. आणि चाइल्ड सीटला पुढून जमिनीवर टेकणारा आधाराचा पाय असेल तर डिनेटखाली बऱ्याचदा सामानाचा पोकळ खण असतो, त्याच्या झाकणावर तो पाय टेकवायचा नाही, धक्क्यात झाकणच खाली जाईल. म्हणून पैसे भरण्याआधी स्वतःच्या दोन्ही सीट घेऊन त्या यार्डात जा, लावून बघा, पोरांना बसवून बघा, टेबल काढून ठेवता येतं का तेही बघा कारण समोर टेबलाची कड असणं चांगलं नाही. सहा बेल्टची धड गाडी नाहीच मिळाली तर चार बेल्टची छोटी घ्या आणि दोघांनी मागून आपल्या कारने यायचं, एनसी ५०० च्या एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर छोटी गाडी तशीही सुखाची, बिआलाच ना बा घाटात तर मोटरहोम घालूच नका असं सांगतात.

सासऱ्यांसाठी : गाडी मोठी दिसते पण केबिन आणि खालची चासी सोडली तर मागचं सगळं पातळ पॅनल आणि प्लायवूड. ताशी ४८ किलोमीटरला, म्हणजे गावातल्या ३० मैलांच्या लिमिटला, बेल्ट नसलेलं मूल समोर आपटणं हे साधारण ९ मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा, पडल्यासारखं होतं. हिशोब शाळेतल्या फिजिक्सचाच आहे, करून बघू देत. आणि मागे बसलं की बेल्ट कशाला असं अजूनही वाटत असेल तर सप्टेंबर २०२२ चा पालघरचा सायरस मिस्त्रींचा अपघात आठवा म्हणावं, मोठी महागडी गाडी, ते मागे होते, बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं.

हो, कुकर आणि तवा खालच्या कपाटात, डोक्यावरच्या खणात चिवडा-पोह्यांची हलकी पाकिटं. फ्रीजचं लॉक लावलेलं. टॉयलेट लागली तरी चालत्या गाडीत कोणी उठायचं नाही, एम६ मोटरवेवर टीबेसारखी छान सर्व्हिसेस (खाण्या-टॉयलेटचा थांबा) आहे, थांबा.

प्रश्न (लीड्स) : २००३ ची मोटरहोम स्वस्तात मिळतेय, इंजिन एकदम ओके. डिनेटला फक्त कमरेचे बेल्ट आहेत. मुलं पाच आणि आठची. मित्र म्हणतो तो तीन पॉइंटचे बेल्ट बसवून देईल, अर्ध्या दिवसाचं काम. घेऊ का?

उत्तर : पोरांना घेऊन फिरायचं असेल तर नको. बूस्टरला छातीवरून जाणारा पट्टा लागतोच, नुसत्या कमरेच्या बेल्टवर चालेल अशी सीट मुद्दाम तशीच बनवलेली हवी आणि आठ वर्षांच्या मुलासाठी ती शोधताना नाकी नऊ येतील. कमरेचा बेल्ट एकटा असला की मूल मधोमध दुमडतं, पट्टा हाडावरून सरकून पोटात जातो, आतड्याला आणि मणक्याला मार बसतो. ऑक्टोबर २००७ नंतरच्या नव्या मोटरहोममध्ये प्रवासासाठीच्या प्रत्येक सीटला बेल्ट सक्तीचा झाला, तुमची गाडी त्याच्या आधीची, म्हणून कायद्यात बसते एवढंच. बाकी कायद्यात बसणारी प्रत्येक गोष्ट पोरांना पुरेल असं नाही.

मित्राचं मन मोडा. बेल्टचा पट्टा कोणीही आणेल, प्रश्न तो कशाला बांधलाय याचा असतो. फॅक्टरीत डिनेटच्या आत चासीला बोल्ट केलेली स्टीलची फ्रेम असते, धक्क्याचा सगळा जोर ती घेते. सोफ्याखालच्या प्लायवूडच्या पेटीला बोल्ट मारला तर बेल्ट, पेटी आणि मूल तिन्ही एकत्र पुढे येतात. टेस्ट केलेली फ्रेम बसवून लेखी देणारे लोक आहेत, त्यांचा खर्च विचारा आणि तो गाडीच्या किमतीत मिळवा, मग स्वस्त राहते का बघा. मी तुमच्या जागी असतो तर थोडी लहान पण नवी गाडी घेतली असती, इंजिन कितीही ओके असू दे.

प्रश्न (लेस्टर) : तीन वर्षांचा मुलगा मोटरहोममध्ये हार्नेसमधून (चाइल्ड सीटच्या पट्ट्यांतून) हात बाहेर काढतो, कारमध्ये करत नाही. काय करावं?

उत्तर : आधी जॅकेट काढा. कॅम्पसाइटवरून सकाळी थंडीत निघताना फुगीर जॅकेटवरच हार्नेस लावला जातो, वरून घट्ट वाटतो, आत बोटभर पोकळी असते. जॅकेट काढून पट्टे ओढा, खांद्याशी पट्ट्याची चिमटीत घडी येता कामा नये, आणि पुढे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा जरासे वरून यायला हवेत. थंडी वाजली तर वरून पांघरूण. बाजारातल्या हात अडकवणाऱ्या क्लिपा, सीट कंपनीच्या नसतील तर, लावू नका. तरी काढलाच तर दर वेळी जागा बघून थांबायचं, न ओरडता बांधायचं, पुन्हा निघायचं, कंटाळवाणं आहे पण त्यालाही कंटाळा येतो. अरुंद रस्त्यावरच्या पासिंग प्लेसमध्ये (समोरच्या गाडीला वाट द्यायच्या जागेत) मात्र गाडी लावून बसू नका, मागे रांग लागते. दोन तासांवर सलग सीटमध्ये ठेवूच नका, निम्मी कुरकुर तिथेच संपते.

प्रश्न (पुणे) : दिवाळीत कोकणात कॅरव्हॅन भाड्याने घेतोय. हे सगळं आपल्याकडे लागू आहे का?

उत्तर : आहे की. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ब आलं, १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. तिकडचा आडव्या सोफ्याचा आणि बर्थचा घोळ इकडेही तसाच, त्यामुळे बुकिंगच्या आधी मालकाकडून प्रत्येक सीटचा बेल्ट बाहेर ओढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, आणि चाइल्ड सीट घरचीच न्या.