मुलाला टायगर स्नेक पाळायचाय आणि करिअरही सापांतच करायचंय, काय करू?

ताई नमस्कार, तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई मेलबर्नला असतात, मुलगा इयर 11 ला म्हणजे अकरावीला आहे. घरात दोन वर्षांपासून कार्पेट पायथन हा बिनविषारी अजगर आहे, त्याचं लायसन्स ताईंच्या नावावर. आता मुलगा म्हणतोय 18 पूर्ण झाले की टायगर स्नेक आणणार, मग डेथ ॲडर, दोन्ही तिकडचे जहाल विषारी साप, आणि युनिव्हर्सिटी वगैरे काही नको, मला झूकीपर व्हायचंय. बाबांचं म्हणणं इंजिनीअरिंग. आजी कुडाळला, त्या व्हिडिओ कॉलवर रडतात, कारण ताईंचे सख्खे मामा बागेत फुरसं चावून गेले आणि त्या घरात आजही संध्याकाळनंतर सापाचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात. ताईंनी विचारलंय की हे खूळ आहे की यात खरंच काही आहे, आणि आत्ताच पायथन कुणालातरी देऊन टाकू का म्हणजे विषय संपेल.

पहिलं उत्तर शेवटच्या प्रश्नाचं. पायथन देऊन टाकू नका. विषय संपणार नाही, तो फक्त तुमच्यापासून लपवला जाईल, आणि सापांच्या बाबतीत लपवाछपवी ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. आज तो तुम्हाला येऊन सांगतोय की आई मला टायगर स्नेक हवाय, हे चांगलं लक्षण आहे. जो मुलगा ओढ्याकाठच्या गवतातून गुपचूप साप उचलून बॅगेत टाकून आणतो तो आधी आईला सांगत नाही.

आता खरा मुद्दा. गेली बरीच वर्षं मी प्राण्यांच्या मागे लागलेल्या मुलांशी बोलतेय, कुत्रे, घोडे, पक्षी, साप, सगळे. सापवाल्या मुलांमध्ये मला दोन ओढी स्पष्ट वेगळ्या दिसतात. एका मुलाला साप हातात धरलेला स्वतःचा फोटो हवा असतो. दुसऱ्याला साप हवा असतो, फोटोत तो स्वतः नसला तरी चालतं. पहिल्याला विषारी साप म्हणजे आपण किती डेअरिंगबाज हे दाखवायचं साधन, दुसरा काचेसमोर तासभर बसून बघत राहतो की डेथ ॲडर पानांखाली अंग लपवून फक्त शेपटीचं टोक कसं वळवळवतो, अगदी अळीसारखं, आणि सरडा ते खायला जवळ आला की काय होतं. तुमचा मुलगा यातला कुठला हे तुम्हीच ओळखू शकता. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की त्याची एक वही आहे, त्यात तारखा आणि वजनं लिहितो, पायथनने कधी खाल्लं, कधी कात टाकली. ताई, तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, मला पूर्ण पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ती वही मागा आणि बघा. मध्ये महिनाभर रिकामी पानं आहेत का, साप काही करत नाही अशा थंडीच्या दिवसांतही नोंदी आहेत का. साप बहुतेक वेळ काहीच करत नाही, त्या काळातही ज्याचा इंटरेस्ट टिकतो त्याला हे काम जमतं.

टायगर स्नेक म्हणजे काय हे बाबांनाही कळावं म्हणून थोडं सांगते. ऑस्ट्रेलियाचे बहुतेक जहाल विषारी साप एकाच कुळातले, इलॅपिडी, म्हणजे आपल्या नाग-मण्यारच्या कुळातले. ईस्टर्न ब्राऊन, तायपान, टायगर, डेथ ॲडर, रेड-बेलीड ब्लॅक हे सगळे त्यातलेच. घोणस-फुरश्यासारखे व्हायपर तिकडे नाहीतच, डेथ ॲडर दिसायला तसा जाडजूड पण तोही इलॅपिडच. टायगर पाणथळीच्या कडेला राहतो, बेडूक आवडीने खातो, चिडला की मान चपटी करतो, आणि अंडी न घालता थेट पिल्लं देतो. मेलबर्नच्या ओढ्यांच्या काठाला तो आहेच, तुम्ही वॉकला जाता तिथेही असेल. विषाच्या तीव्रतेत इनलँड तायपान जगात पहिला मानतात, पण तो क्वीन्सलँड आणि साऊथ ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात राहतो, उंदरांवर जगतो, थंडीत रंगाने गडद होतो आणि माणसाच्या वाटेला फारसा येतच नाही. हे सगळं तुमच्या मुलाला नक्की माहीत असणार, जेवताना विचारून बघा, आणि मध्ये न थांबवता ऐका.

आजींची भीती मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नका. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज निघालाय, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. ऑस्ट्रेलियात वर्षाला साधारण दोन. साप तिकडचे जास्त जहाल, मग फरक कसला? लोकं बूट घालतात, शेतात अनवाणी काम करणारी माणसं कमी, फोन केला की ॲम्ब्युलन्स येते, हॉस्पिटलमध्ये अँटीव्हेनम म्हणजे विषावरचा उतारा असतो, आणि प्रेशर बँडेज कसं बांधायचं हे खूप जणांना माहीत असतं. मामांच्या वेळी यातलं काही नव्हतं. आजींना हे आकडे ऐकवू नका, त्यांना फक्त सांगा की मुलगा एकटा सापाच्या खोलीत जाणार नाही.

ते बँडेज तुम्ही, बाबा आणि धाकटी मुलगी, तिघांनी शिका, पायथन असला तरी शिका कारण ब्राऊन आणि टायगर अंगणातही येऊ शकतात. मेलबर्नच्याच सीएसएल या अँटीव्हेनम बनवणाऱ्या संस्थेतल्या डॉ. स्ट्रुआन सदरलँड यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत आणली. चावलेली जागा धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची तर नाहीच. रुंद इलॅस्टिक बँडेज, आधी चावलेल्या जागेवर आणि मग बोटांपासून वरपर्यंत पूर्ण हात किंवा पाय, मुरगळल्यावर बांधतो तितकं घट्ट, वर पेनाने चावल्याच्या जागेची खूण, काठी लावून तो अवयव हलणार नाही असा बांधायचा, माणसाला चालवायचं नाही, 000 या इमर्जन्सी नंबरला फोन. तिकडच्या सापांचं विष बरंचसं लसिकावाहिन्यांतून सरकतं, दाब आणि स्थिरता यामुळे ते रेंगाळतं आणि हॉस्पिटल गाठायला वेळ मिळतो. मुलाला सांगा की तूच शिकव आम्हाला. कसा शिकवतो त्यावरून पण बरंच कळेल.

आता पाळण्याबद्दल. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, सगळे देशी साप 1975 च्या वाइल्डलाइफ ॲक्टखाली संरक्षित आहेत, रानातून उचलून आणणं गुन्हा आहे. पाळायचा साप लायसन्सवाल्या माणसाकडे जन्मलेला असावा लागतो. जहाल सापांसाठी वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं, ते सज्ञान झाल्याशिवाय मिळत नाही आणि बहुतेक स्टेट्समध्ये आधीचा अनुभव दाखवावा लागतो, नियम स्टेटप्रमाणे बदलतात म्हणून सरकारी साईटवरच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. नाग, कॉर्न स्नेक असले बाहेरच्या देशातले साप खाजगीत ठेवायला तिकडे बंदीच आहे. आणि सुट्टीत भारतात आल्यावर सर्पमित्रांच्या मागे फिरायची त्याची इच्छा आहे असं लिहिलंत, तर त्याला सांगा की भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने देशी साप पाळणंच गुन्हा आहे, आणि नाग गळ्यात घालून व्हिडिओ काढणाऱ्यांपैकी किती जण दंशाने गेले ते आपण पेपरात वाचतोच. चांगले सर्पमित्र पण आहेत, शांतपणे हुक लावून साप बरणीत घेतात आणि रानात सोडतात, त्यांच्याबरोबर जाऊ दे, लांब उभं राहून बघू दे.

जो नीट पाळतो तो टायगर स्नेकला हात लावतच नाही, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. पेटीत एक लपायची डबी असते, साप आपणहून तिच्यात जातो, बाहेरूनच लांब हुकने तिचं दार सरकवून बंद करायचं, मग ती डबी बाजूला ठेवून पेटी साफ करायची, पाणी बदलायचं. औषध द्यायचं किंवा तपासायचं असेल तर साप पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत अर्धा शिरू देतात, डोकं आत आणि अर्धं अंग बाहेर. उंदीर फ्रोझन, वितळवलेला, लांब चिमट्याने. पेटीला कुलूप, खोलीला कुलूप, दाराखाली फट नाही, बँडेज भिंतीवर हाताशी, आणि घरात दुसरं मोठं माणूस असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. हाताला उंदराचा वास असताना तर मुळीच नाही. आणखी एक गोष्ट या मुलांना कुणी सांगत नाही, वर्षानुवर्षं सापांच्या आसपास राहून काहींना विषाचीच ॲलर्जी होते, आणि अँटीव्हेनम घोड्यांच्या रक्तापासून बनतं त्याचीही रिॲक्शन येऊ शकते. म्हणजे एकदा चावून वाचलो तर दुसऱ्यांदा सोपं जाईल असं नसतं, उलट होऊ शकतं.

म्हणून माझं मत असं, आणि ते तुम्ही त्याला जसंच्या तसं वाचून दाखवा. तुमच्या घरात, धाकटी बहीण असताना, 18 व्या वाढदिवसाला टायगर स्नेक नको. स्वतःची जागा, स्वतःची कमाई, आणि कुठल्यातरी अनुभवी कीपरच्या हाताखाली दोन-तीन सीझन काम झाल्यावर त्याचं तो ठरवेल, तेव्हा तुम्ही अडवू नका. तोपर्यंत हर्पेटॉलॉजिकल सोसायटीच्या, म्हणजे साप-सरडे पाळणाऱ्या-अभ्यासणाऱ्यांच्या मंडळाच्या, मीटिंगला जाऊ दे, एकदा बाबांनी बरोबर जावं. तिथे साठीतली माणसं भेटतात, शांत, नीटनेटकी, अजून पेटीला कुलूप दोनदा तपासणारी. त्यांच्याशी बोलून बाबांचं निम्मं टेन्शन जाईल.

त्याला केव्हिन बडनची गोष्टही माहीत असेल. 1950 साली केर्न्सजवळ या 20 वर्षांच्या हौशी मुलाने जिवंत तायपान पकडला, कारण अँटीव्हेनम बनवायला विष हवं होतं. साप पिशवीत भरताना तो चावला. साप मारू नका, मेलबर्नला पोचवा असं तो सांगत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्या सापाचं विष काढलं गेलं, आणि 1955 ला तायपानचं अँटीव्हेनम आलं. मला ही गोष्ट सांगताना आजही गलबलतं, पण मी ती मुलांना फक्त शौर्य म्हणून सांगत नाही. आज तेच काम सिडनीच्या उत्तरेला सॉमर्सबीच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये रोज ठरलेल्या पद्धतीने होतं, साप भांड्यावरच्या पातळ पडद्यावर चावतो, विष जमा होतं, अँटीव्हेनमसाठी जातं, आणि माणसं संध्याकाळी घरी जातात. केव्हिनला मिळालं नाही ते ट्रेनिंग तुमच्या मुलाला मिळू शकतं, मग त्याने ते घ्यावं.

आणि इथेच करिअर सुरू होतं. झूकीपिंग खरं करिअर आहे, त्यासाठी सर्टिफिकेट थ्री इन वाइल्डलाइफ अँड एक्झिबिटेड ॲनिमल केअर हा कोर्स आहे, पण जागा थोड्या, अर्ज ढीगभर, पगार बेताचा, आणि रेप्टाइल सेक्शनला लगेच घेतील असं नाही, आधी कांगारूंचं शेण काढायची तयारी हवी. मेलबर्नजवळच्या हीलसव्हिल सँक्च्युरी या प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी व्हॉलंटिअरिंग कधी सुरू होतं ते बघत राहा. स्नेक कॅचरचं काम सीझनल, साधारण सप्टेंबर ते एप्रिल, लायसन्स आणि कोर्स लागतो, बरेच जण दुसऱ्या नोकरीबरोबर करतात. रस्ते, खाणी, नवीन वसाहती होतात तिथे काम सुरू व्हायच्या आधी प्राणी हलवणारे इकॉलॉजिस्ट लागतात, त्याला झूलॉजी किंवा इकॉलॉजीची डिग्री चालते, आणि यात काम बऱ्यापैकी आहे. साप-सरडे बघणारे व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, फार कमी आहेत, त्यांना मागणी आहे, पण ॲडमिशन कठीण.

मला स्वतःला विषावरचं संशोधन सगळ्यात मोठं वाटतं आणि त्याबद्दल मुलांना माहितीच नसते. ब्लडप्रेशरचं कॅप्टोप्रिल ब्राझीलच्या एका व्हायपरच्या विषाच्या अभ्यासातून निघालं. ईस्टर्न ब्राऊनच्या विषातल्या टेक्स्टिलिनिन नावाच्या प्रोटीनवर रक्तस्राव थांबवण्यासाठी क्वीन्सलँडमध्ये काम झालंय. आपल्या घोणसचं विष तर रक्त गोठण्याच्या एका टेस्टमध्ये जगभरच्या लॅब्ज वापरतात, आणि तायपानचंही तशाच टेस्टमध्ये वापरतात. मेलबर्न युनिव्हर्सिटीत 1994 पासून ऑस्ट्रेलियन व्हेनम रिसर्च युनिट आहे, म्हणजे तुमच्या घरापासून ट्रेनच्या अंतरावर. बाबांना हे नक्की सांगा, त्यांना सायन्स हवंय ना, मग हे सायन्सच आहे, आणि कठीण सायन्स आहे.

म्हणून इयर 12 चे सब्जेक्ट निवडताना बायोलॉजी तर घेईलच, पण केमिस्ट्री सोडू देऊ नका, आणि मॅथ्स मेथड्स हा गणिताचा वरचा विषय झेपत असेल तर तेही ठेवा. या तिघांवर व्हेट, झूलॉजी, फार्माकॉलॉजी, बायोमेडिकल सगळी दारं उघडी राहतात, आणि उद्या त्याचं मन बदलून इंजिनीअरिंगकडे वळलं तर बायोमेडिकल इंजिनीअरिंग आहेच, तेव्हा फिजिक्सचं काय करायचं ते शाळेत विचारा. काही शाळांमधून व्हीसीई, म्हणजे तिकडची अकरावी-बारावी, करता करता ॲनिमल केअरचं सर्टिफिकेटही करता येतं, ते त्याच्या शाळेत आहे का बघा, त्याला हाताने काम करायचंय ते तिथे होईल आणि केमिस्ट्रीचा कंटाळा थोडा सुसह्य होईल.

एक राहिलं. कार्पेट पायथन वीस वर्षंही जगू शकतो. मुलगा उद्या टाऊन्सव्हिलला जेम्स कुक युनिव्हर्सिटीत गेला तर त्याला उंदीर कोण देणार, हे त्याला आत्ताच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सब्जेक्ट सिलेक्शनचा फॉर्म भरायच्या आधी त्याला माझ्याशी बोलू दे, तुम्ही दोघं समोर नसलात तरी चालेल, आणि बोलताना वही घेऊन बसायला सांगा, मला थंडीतल्या नोंदी बघायच्यात.