कामावर शांत असतो, घरी आलो की भडका उडतो. पंचिंग बॅग आणू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला गोव्यात म्हापशाला, नोकरी वेर्ण्याच्या कारखान्यात सुपरवायझरची. कामावर कुणाला चढ्या आवाजात बोलत नाही, पण घरी पोचल्यावर अर्ध्या तासात काहीतरी निमित्त होतं आणि बायको-मुलीवर ओरडणं होतं. मुलगी सात वर्षांची आहे आणि आता तुम्ही आलात की ती आतल्या खोलीत निघून जाते. मित्र म्हणतो, पंचिंग बॅग आण, राग बाहेर पडेल.

बॅग आणू नका. राग बाहेर काढला की तो संपतो, हा समज तपासून पाहिला गेलाय आणि तो टिकलेला नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये केलेल्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॅगवर ठोसे मारणारे लोक नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा जास्त रागात होते. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही तेच दिसलं. श्वसन, शिथिलीकरण, ध्यान, संथ योग अशा शरीराची धडधड खाली आणणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. धडधड वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही, पळण्याने तर थोडा वाढलेलाच आढळला. पळणं तब्येतीला चांगलं आहे, जरूर पळा, फक्त डोकं तापलेलं असताना उपाय म्हणून नको.

आता घरी येऊन जे होतं त्याकडे बघू. जुवारी पूल, पणजी, पर्वरीची कोंडी, त्यात मे महिन्याचा दमट उकाडा आणि डोक्यावर हेल्मेट. रस्त्यावर कुणीतरी कट मारतं, ते तुम्ही गिळता. छातीची धडधड आणि मानेचा ताण मात्र शरीरात शिल्लक राहतो. दारात बायको विचारते, ‘आज पण उशीर?’ आणि रस्त्यावरची सगळी शिल्लक त्या एका वाक्याच्या खात्यावर पडते. तुम्हाला वाटतं राग तिच्या बोलण्याचा आला. खरा भाग आधीच्या दीड तासात साचलेला असतो. म्हणून काम करायचं ते दाराच्या अलीकडे.

घरापासून थोडं अलीकडे गाडी थांबवा, दहा मिनिटं. आधी पाणी प्या. शेवटचं खाणं दुपारी एकला झालं असेल तर कारखान्यातून निघतानाच काहीतरी खाऊन घ्या, रिकाम्या पोटी आलेला माणूस लवकर पेटतो. मग नाकाने श्वास आत घ्या चार मोजेपर्यंत आणि सोडा सहा मोजेपर्यंत. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास, असं पाच मिनिटं. इथे लोक एक चूक हमखास करतात. ‘दीर्घ श्वास’ म्हणून छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतात, चक्कर येते, हाताला मुंग्या येतात आणि ‘हे मला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. श्वास मोठा नको, संथ हवा, आणि सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त हवा. उरलेल्या वेळात मुठी, खांदे, जबडा एकेक करून पाच सेकंद आवळा आणि पंधरा सेकंद ढिले सोडा. हे सगळं रोज सकाळी, मन शांत असतानाही करा. शांत असताना न केलेली सवय रागात आठवत नाही.

दुसरी गोष्ट वही. दोन आठवडे, जेव्हा जेव्हा पारा चढेल तेव्हा त्याच रात्री पाच गोष्टी लिहा: वेळ, नेमकं काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, शरीरात काय झालं, आणि शून्य ते दहात राग किती. ‘बायको उद्धट बोलली’ ही नोंद नाही, तो निकाल झाला. नोंद अशी हवी: ‘७.५०. ती म्हणाली, आज पण उशीर? मनात आलं, मी मर मर मरतो आणि हिला किंमत नाही. कान गरम, दात आवळले. ७.’ आठ-दहा नोंदी झाल्या की दोन गोष्टी दिसतात. मनातलं वाक्य बहुतेक वेळा तेच असतं, आणि ओरडण्याआधी शरीर एक ठरावीक खूण देतं. तुमची खूण जबडा असेल, कुणाची मान असते, कुणाचं बोलणं भरभर होतं. राग चारवर असताना ती खूण ओळखलीत तर काहीतरी करता येतं. आठवर पोचल्यावर कुठलीही युक्ती चालत नाही, तिथे फक्त बाजूला होणं उरतं.

बाजूला कसं व्हायचं, हे दोघांनी शांतपणे बसून आधी ठरवा, कारण बहुतेक घरांत हे फसतं ते इथेच. दार आपटून निघून जाणं समोरच्याला शिक्षाच वाटते. एक वाक्य ठरवा: ‘मी तापलोय, अर्ध्या तासात परत येतो, मग बोलू.’ वीस मिनिटांपेक्षा कमी नको, शरीर खाली यायला तेवढा वेळ लागतो. त्या वेळात गाडी चालवायची नाही, बारकडे वळायचं नाही, आणि ‘ती असं म्हणाली तर मी तसं म्हणेन’ ही उजळणी करायची नाही. उजळणी चालू राहिली तर तासाभरानंतरही तुम्ही तिथेच असाल. बाहेर पाऊस असेल तर पायऱ्यांवर बसा, नाहीतर भांडी घासा. आणि सांगितलेल्या वेळेला परत या. आला नाहीत तर पुढच्या वेळी तुमच्या त्या वाक्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

परत आल्यावर बोलायचं ते घटनेवर आणि मागणीवर. ‘तुला कधीच समजत नाही’ याच्याऐवजी ‘दारातच उशिराचं विचारलंस की मला दोष दिल्यासारखं वाटतं. पंधरा मिनिटं दे, मग मी स्वतः सांगतो.’ ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘मुद्दाम’ हे तीन शब्द काढून टाकलेत तरी अर्धं भांडण टळतं. तिचं म्हणणंही ऐका. दिवसभर घर आणि मुलगी सांभाळून तिचा राग कुठे जातो, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो आहे.

मुलीशी स्वतःहून बोला. ‘काल मी ओरडलो. ती तुझी चूक नव्हती. मी ते कमी करायला शिकतोय.’ पुढे ‘पण तू पण...’ जोडू नका, जोडलंत की माफी गेली. ती लगेच जवळ येणार नाही. तिला बरेच दिवस बघायचं असतं की हे खरं आहे का.

दारूबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे संध्याकाळचे दोन पेग कुणी मोजत नाही. दारूने लगाम सैल होतो आणि समोरच्याचं एकच वाक्य डोक्यात धरून बसायला होतं. वहीत प्यायलेल्या दिवसांवर खूण करा, फरक तुमचा तुम्हाला दिसेल. झोपेचंही तसंच. रात्रपाळीच्या आठवड्यात आकडे वाढलेले दिसले तर घरातले महत्त्वाचे विषय त्या आठवड्यात काढूच नका.

काही वेळा मूळ दुसरीकडे असतं. पुरुषांमधलं नैराश्य कधी कधी रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं. थायरॉइड जास्त काम करत असेल, स्टेरॉइड किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील, डोक्याला मार लागला असेल, तरीही स्वभाव तापट होतो. हा बदल गेल्या काही महिन्यांतला असेल तर डॉक्टरांना दाखवून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आणि एक वेगळी गोष्ट. हात उचलला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, घरचे घाबरून वागत असतील, तर श्वास आणि वही यांच्यावर थांबू नका. बॉससमोर आवरता येणारा राग फक्त घरात आवरत नसेल, तर ‘घरात चालतं’ ही मुभा कुठेतरी स्वतःला दिलेली असते, आणि त्यावर समुपदेशकासमोर बसूनच काम करावं लागतं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजजवळ (जीएमसी) आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. फोनवर सुरुवात करायची तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. बायकोला धोका वाटला तर तिच्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२ आहेत. हे नंबर तिच्याकडेही असू द्या.

सुधारणा मोजताना किती वेळा चिडलो एवढंच मोजू नका, पहिल्या महिन्यात तो आकडा फारसा हलत नाही. आधी कमी होते ती रागाची उंची आणि उतरायला लागणारा वेळ. सात-आठचे प्रसंग पाचवर आले, तासभराची धुसफूस वीस मिनिटांवर आली, तर मार्ग बरोबर आहे. दोन महिने नेटाने करूनही वहीतले आकडे तसेच राहिले, तर तीच वही घेऊन समुपदेशकाकडे जा. पहिल्या भेटीतला बराचसा वेळ त्याने वाचतो.