अकीचिता म्हणजे योद्धा? नव्हे, शिपाई!

प्रश्न : अमेरिकेतल्या लाकोटा या मूलनिवासी लोकांच्या पॉववॉवमध्ये, म्हणजे नाचगाण्याच्या मेळाव्यात, ज्या ‘अकीचितां’चा सन्मान होतो, त्यांना मराठीत योद्धे म्हणावं की माजी सैनिक?

‘योद्धे’ आधी खोडा. अमेरिकेतल्या मूलनिवासींचं नाव निघालं की आपल्या लेखणीतून योद्धे आणि टोळ्या आपोआप सांडतात. ‘पॉववॉव हा लाकोटा शब्द’ असा समज असेल तर तोही खोडा. तो पूर्व किनाऱ्यावरच्या अल्गॉन्क्वियन भाषांतला, मूळ अर्थ वैदू-मांत्रिक. लाकोटा सूअन कुळातली. तिचा शब्द ‘वाचीपी’, म्हणजे नाच.

आता अकीचिता. अमेरिकी गव्यांच्या, म्हणजे बायसनच्या, सामुदायिक शिकारीत कुणी उतावळेपणानं पुढे घुसला, तर कळप उधळायचा आणि साऱ्या तळावर उपाशी राहायची पाळी. अशाला अकीचिता झोडपून काढत, त्याचा तंबूही फाडत. लढाईत लढणारेही तेच. म्हणजे सैनिक आणि पोलीस एकाच शब्दात! आपल्याकडे हे कोण? शिपाई. फारसीत ‘सिपाह’ म्हणजे फौज, तिच्यातला तो सिपाही. मराठीत तो आधी शिपाईगडी, मग पोलीस शिपाई आणि शेवटी साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर. तोच इंग्रजांकडे सेपॉय झाला, फ्रेंचांच्या उत्तर आफ्रिकेतल्या घोडदळात स्पाही. ‘योद्धा, सैनिक’ एवढं देऊन हात झटकणाऱ्या कोशांशी म्हणूनच माझं जमत नाही. योद्धा लढाई संपली की घरी जातो. शिपायाच्या मागे बंदोबस्त असतोच.

पॉववॉवमध्येही तो बंदोबस्त आहे. रिंगणात सर्वांत पुढे गरुडपिसांची काठी आणि झेंडे घेऊन आजचे अकीचिता, म्हणजे सैन्यात जाऊन आलेले, शिरतात. नाचताना कुणाच्या पोशाखातलं गरुडाचं पीस गळून पडलं की नाच थांबतो, कॅमेरे खाली जातात. ज्याचं पीस त्यानं पटकन वाकून खिशात घालायचं नसतं. ते रीतीनं उचलायचं काम यांचं. याला शाल-श्रीफळी ‘सत्कार समारंभ’ म्हणणाऱ्या बातम्या वाचून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

हो, तुमचा प्रश्न. ‘माजी’ हा अरबी ‘गेलेला’. रिंगणातल्या कामाला तो शोभत नाही, पण बातमीत ‘माजी सैनिक’ चालेल. ‘निवृत्त’ मात्र नको. सक्तीच्या भरतीत व्हिएतनामला जाऊन आलेला जवान निवृत्त झालेला नसतो, सुटलेला असतो. आणि जुन्या तळावरच्या अकीचितांबद्दल लिहायचं असेल तर बिनधास्त ‘शिपाई’ लिहा, कुणी हसलं तर माझं नाव सांगा.